हळू ठोकून बघ

अंबडच्या तिसऱ्या गाळ्यात
सकाळी सहाला पंप घरघरायला लागतो.
दुपारी अडीचपर्यंत पेटीत इतकी थोडी हवा उरते
की तिला हवा म्हणायचाही संकोच वाटावा.
मग मी आर्गॉन सोडते. जांभळा उजेड पेटतो.
टँटलमचे अणू निखळून
नीलमाच्या चकतीवर उतरत राहतात,
दोनशे नॅनोमीटर,
कल्हई याच्यापुढे गोधडीच.

टँटलम हट्टी आहे.
चकती थंड असली तर चुकीच्या घडीत बसतो,
दिसायला तसाच, राखी, चकचकीत,
पण गारठ्यात कामाचा नाही.
पाचशे अंशांना तापवली की नीट बसतो.
हे कळायला आठ चकत्या गेल्या
आणि नववी वाघचौऱ्यांच्या कोपराने.

जानेवारीत मखमलाबादकडून वारा आला
की भुरीवर मारलेल्या गंधकाचा वास शेडपर्यंत येतो.
मी दाराच्या फटीला टेप लावते.
वाघचौरे हसतात,
त्यांची स्वतःची दीड एकर थॉमसन आहे.

चिप कुरियरने मुंबईला जाते.
तिथल्या शीतपेटीत ती
ताऱ्यांमधल्या अंधारापेक्षाही गार होते.
विरोध संपतो. तारेत सूर सोडतात
आणि तो किती वेळ टिकतो ते मोजतात.

आमचा सूर छान टिकला होता.
मी पेढे घेऊन जुन्या तांबट आळीत गेले, आत्माराममामाकडे.
मामा घडवंचीपाशी. मठारून मठारून
उजवा कान गेलेला, डावा अर्धा.
मी ओरडून सांगितलं, वाजतंय, मामा!

"वाजवलं कसं?"
जोरात, म्हटलं. म्हणजे पुष्कळ ताकदीचा सूर.
मामाने एक घागर उचलली,
लाकडी मोगरीने दणकन हाणली. वाजली.
मग तीच घागर नखाने, अगदी टिचकी.
मला थप्प ऐकू आलं.
त्याने नखालाच ऐकलं असावं.
"जोरात वाजवलं तर डाग सुटलेलं भांडंही बोलतं.
हळू ठोकून बघ."
पेढा त्याने खाल्ला. डबा परत दिला.

मुंबईला फोन केला: एकाच फोटॉनवर मोजा.
आकडा आला. दहावा हिस्सा.

चोर कुठे होता ते तेव्हा दिसलं.
धातूत नव्हता, नीलमात नव्हता,
वरच्या तीन नॅनोमीटरच्या गंजात,
जिथे अणूंना अजून बसायची जागा ठरवता आलेली नाही,
पंगतीत दोन पाटांच्या मध्ये घुटमळणारे पाहुणे.
भरपूर वाढलं तर त्यांची पोटं भरतात, पानात उरतं.
एकच घास वाढला
तर तो घासही पोहोचत नाही.

एक महिना आम्लात.
हातमोज्यावर हातमोजा, वर चेहऱ्याला काच.
किती सेकंद बुडवायचं याची वही भरली,
बेचाळीस जास्त होतात, तीस कमी.
गंज निघतो, हवा लागली की पुन्हा येतो,
पण येताना थोडा पातळ, थोडा शहाणा.

परवा दुसरा आकडा आला.
मामाने विचारलं, किती वेळ वाजतं मग तुझं?
मी डाव्या कानात सांगितलं:
सेकंदाचे सहा हजार तुकडे कर, त्यातला एक.
तो इतका हसला की खोकला लागला.
"आमची घागर बरी की गं!"

तेवढ्यात तो सूर आठ लाख वेळा हलतो, मामा.

हसणं थांबलं.
त्याने घागर जमिनीवरून उचलून
काथ्याच्या चुंबळीवर ठेवली,
नखाने टिचकी मारली, बोट लगेच मागे घेतलं,
कारण हात लावून ठेवला की नाद हातच पितो.
ओठ हलत होते. मोजत होता.

मी हिशोब करत बसले नाही.
पुढची चकती उद्या सहाला लावायची आहे,
आणि वाघचौऱ्यांना सांगायचं आहे,
फवारणी असेल तर आदल्या दिवशी कळवा.